निकोलस क्लेटन आणि गॅल्व्हेस्टनच्या विटा

सरकीवाला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला विषय आज लिहून काढतोय. लांबलाय, सवडीनं वाचा.

ह्यूस्टनहून गाडीनं तासाभरावर, मेक्सिकोच्या आखातात गॅल्व्हेस्टन नावाचं लांबट, चिंचोळं बेट आहे. पाव्हणे आले की इकडची मराठी मंडळी त्यांना समुद्र दाखवायला तिथे घेऊन जातात. मीही पहिली चार वर्षं तेवढंच करायचो. पाचव्या वर्षी आईबाबा अमरावतीहून आले होते. किनाऱ्यावरच्या उन्हानं आई थकली, म्हणून गाडी आत ब्रॉडवे या तिथल्या मोठ्या रस्त्यावर घेतली आणि एका झाडाखाली लावली. समोर राखाडी-गुलाबी दगडाचं एक घर होतं. घर कसलं, मनोरे, कौलं आणि उंच धुराड्यांचा डोंगरच. बाबा खाली उतरून फाटकापाशी गेले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे बांधणाऱ्याचं नाव काय रे?" मला सांगता आलं नाही. मी स्वतः इमारतींच्या पायाचं काम करतो, तरी सांगता आलं नाही. तेव्हापासून या माणसाच्या मागे लागलोय.

नाव निकोलस जोसेफ क्लेटन. जन्म १८४० चा, आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या क्लॉइन गावचा. वडील लवकर गेले. आई लहानग्या निकोलसला घेऊन अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला आली. तिथे तो वाढला, हाताला काम शिकला. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर १८६२ ते १८६५ उत्तरेच्या नौदलात होता. पुढे नकाशे काढण्याचं काम धरून मेम्फिसच्या एका वास्तुविशारदाकडे लागला, आणि त्या कचेरीनं १८७२ साली त्याला दोन कामांवर देखरेख करायला गॅल्व्हेस्टनला पाठवलं: एक प्रेस्बिटेरियन चर्च आणि एक मोठं हॉटेल, ट्रेमाँट. आला तो परत गेलाच नाही. पुढची ४४ वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तो या बेटावर राहिला.

टेक्सासमध्ये तोवर बांधकाम म्हणजे मिस्त्री आणि सुतार यांचं काम. मालकानं सांगायचं, त्यांनी उभं करायचं. नकाशा काढून, दरपत्रक करून, फक्त वास्तुकलेवर पोट भरणाऱ्या इथल्या अगदी पहिल्या लोकांमध्ये क्लेटनचं नाव घेतात. आणि आला तोही नेमक्या वेळी. गॅल्व्हेस्टन तेव्हा टेक्सासचं सर्वात श्रीमंत बंदर होतं. श्रीमंती कशाची? कापसाची.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण आम्हा वऱ्हाडातल्यांना ते जवळचं आहे. १८६१ च्या जुलैपासून उत्तरेच्या आरमारानं गॅल्व्हेस्टनची नाकेबंदी केली. दक्षिणेतली सगळीच बंदरं अशी अडवली गेली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्या चार वर्षांत मुंबईला कापसाचं सोनं झालं. वऱ्हाड-खानदेशातल्या गाठी मुंबईमार्गे विलायतेला गेल्या, आणि १८६५ ला युद्ध संपताच तो सगळा फुगा फुटला. मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि इकडे गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर पुन्हा गाठी येऊ लागल्या. म्हणजे एका किनाऱ्याची मंदी ती दुसऱ्याची तेजी. बाबांची सगळी हयात जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. त्यांना त्या दुपारी फाटकापाशी उभं राहून हे सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

त्या पैशाला क्लेटननं आकार दिला. स्ट्रँड ही तिथली व्यापारी पेठ. तिच्या आजूबाजूला त्यानं पेढ्या, गोदामं, कचेऱ्या बांधल्या. १८८२ ची ट्रूहार्ट-एड्रिअन्स इमारत पाहा. जागा अरुंद, काम जमिनीच्या व्यवहारांच्या पेढीचं. पण दर्शनी भिंतीवर विटांचे इतके थर, इतके रंग, इतके आत-बाहेर सरकलेले पट्टे की पैठणीचा पदर पसरून ठेवल्यासारखा वाटतो. १८८४ ची वर्तमानपत्राची इमारत, गॅल्व्हेस्टन न्यूजची, तशीच. १८८३ चं बीच हॉटेल लाकडाचं होतं, किनाऱ्यावर खांब ठोकून वर उभं केलेलं. ते १८९८ ला जळालं. १८८५ च्या नोव्हेंबरात तर शहराच्या मध्यावरच्या चाळीसेक चौकांची राख झाली. त्यानंतर पुन्हा उभारणीचं काम आलं, त्यातही हा होता.

मग त्याचा भरात आलेला काळ. १८९० मध्ये जॉन सीली रुग्णालय. १८९१ मध्ये त्याच्या शेजारी वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत, जिला आता सगळे 'ओल्ड रेड' म्हणतात: लाल विटा, जाड गोल कमानी, दोन्ही टोकांना अर्धगोल फुगवटे. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते २३ आणि शिकवणारे १३. आज त्या परिसरात हजारो लोक काम करतात, आपली मराठी डॉक्टर मंडळीही आहेत. १८९२ मध्ये सेक्रेड हार्ट चर्च. त्याच सुमारास उर्सुलाइन या कॅथलिक पंथातल्या जोगिणींची मुलींची शाळा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. आणि १८९२-९३ ला पुरं झालेलं ते घर, ज्याच्यासमोर बाबा उभे होते. वॉल्टर ग्रेशम नावाच्या वकिलाचं. त्याला नऊ मुलं होती. खर्च तेव्हाचे सुमारे अडीच लाख डॉलर. १९२३ ला ते चर्चनं बिशपसाठी घेतलं म्हणून लोक 'बिशप्स पॅलेस' म्हणतात.

८ सप्टेंबर १९०० च्या वादळाविषयी तुम्ही वाचलं असेल. बेटाची सर्वात उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम ८.७ फूट. लाट आली १५ फुटांहून वर. ३८ हजार वस्तीच्या शहरात किमान सहा हजार माणसं गेली, काही अंदाज त्याच्या दुप्पट आहेत. साडेतीन हजारांहून जास्त घरं नाहीशी झाली. अमेरिकेत आजवर कुठल्याही नैसर्गिक आपत्तीत इतके मृत्यू झालेले नाहीत. त्या रात्री उर्सुलाइनच्या शाळेत हजाराच्या आसपास लोक शिरले. जोगिणींच्या खोल्यांमध्ये चार बाळं जन्मली. ग्रेशमच्या घरातही शेकड्यांनी लोकांना आसरा मिळाला. दोन्ही इमारती उभ्या राहिल्या.

मात्र क्लेटन स्वतः उभा राहिला नाही. शहराचा पैसा वाहून गेला होताच. त्याआधी १८९७-९८ मध्ये जिल्हा न्यायालयाच्या इमारतीच्या कंत्राटावरून मोठा वाद झाला होता. त्याची कोर्टबाजी चालत राहिली आणि १९०३ ला त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. दिवाळखोराला हमीपत्र मिळत नाही, आणि हमीपत्राशिवाय सरकारी काम मिळत नाही. ज्यानं अर्धं शहर बांधलं तो आता डागडुजीची, कुठे भर घालण्याची कामं घेऊ लागला. १९१६ मध्ये घरातल्या धुराड्याची भेग मेणबत्तीच्या उजेडात तपासताना त्याच्या कपड्यांनी पेट घेतला. भाजल्यावर न्यूमोनिया झाला, आणि ९ डिसेंबरला तो गेला.

बायको मेरी लोरेना. तिच्याकडे थडग्यावर साजेसा दगड बसवायलाही पैसे नव्हते, असं सांगतात. तेव्हा शहराचे रब्बाय हेन्री कोहेन तिला म्हणाले की तुला दगडाची गरज नाही, त्याचे दगड गावभर आहेत, फिरून कोनशिला वाच. कॅथलिक विधवेचं सांत्वन करायला ज्यू धर्मगुरू. गॅल्व्हेस्टन कसलं गाव होतं ते यातून कळतं.

मला इथे एवढंच मांडायचंय की क्लेटनला 'प्रांतिक' वास्तुविशारद म्हणतात ते कमीपणा म्हणून म्हणू नये. एकच बेट, एकच वाळू, तेच खारं वारं त्यानं चार दशकं ओळखून घेतलं; त्याला वाळू कळली होती. न्यूयॉर्क-शिकागोवाल्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. जाणकारांनी लिहावं.

नीलमोहर

फार सुंदर लिहिलंय. मेणबत्तीपाशी थांबले, पुढचं वाचायला वेळ लागला.

एक शंका. वाळूच्या बेटावर एवढ्या जड दगडी इमारती खचत कशा नाहीत? आमच्या कोकणात किनाऱ्यालगत घर बांधायचं म्हटलं की सगळे नको म्हणतात.

सरकीवाला

नीलमोहरताई, प्रश्न अगदी मुळावर आहे. वाळू वाईट नसते. दाबून बसलेली वाळू बाजूनं धरून ठेवली तर चांगला भार घेते. वाईट असतं ते वाहतं पाणी, कारण ते पायाखालची वाळू उकरून नेतं. किनाऱ्यालगतची घरं अशीच गेली. ग्रेशमचं घर ब्रॉडवेवर आहे, म्हणजे बेटाच्या कण्यावर, सर्वात उंच ओळीत.

शिवाय पाणी जमिनीखाली लगेच लागतं, त्यामुळे तिथे तळघर खणत नाहीत. क्लेटनची मोठी घरं बघा, राहायचा मुख्य मजला जमिनीपासून बराच वर आणि खाली अर्धा-पाऊण उंचीचा जोत्याचा मजला. पायऱ्या चढूनच आत जावं लागतं. आपल्याकडे नदीकाठच्या वाड्यांची जोती उंच असतात ना, तोच विचार.

विटकर

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, मुंबईत. गॅल्व्हेस्टनला २०१४ मध्ये एका कार्यशाळेसाठी गेलो होतो तेव्हा स्ट्रँडवर दोन दिवस नुसता भिंती बघत फिरलो.

सरकीवाला यांनी विटांचा उल्लेख केलाय त्यात भर घालतो. क्लेटनचं खरं कसब मला महालात नाही दिसलं, पेढ्यांमध्ये दिसलं. दगडाला पैसा लागतो, नक्षी कोरणारा लागतो. वीट मात्र स्वस्त आणि एका मापाची. त्या एकाच मापाच्या तुकड्यातून त्यानं सावली काढली. वीट दोन बोटं पुढे काढली की खाली सावलीची रेघ पडते. तिच्यावर दुसरी आणखी पुढे, म्हणजे छज्जा. कोपऱ्यावर वळवून लावली तर करवतीसारखे दात. आखाताच्या त्या कडक उन्हात सकाळी एक भिंत दिसते आणि दुपारी दुसरीच. हे कागदावर रेखाटणं सोपं असतं. गवंड्याकडून करून घेणं अवघड. त्यासाठी रोज कामावर उभं राहावं लागतं. बाहेरगावी बसलेल्या वास्तुविशारदाला ते शक्य नव्हतं, म्हणून 'प्रांतिक' या शब्दाबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे.

दुसरं, खारी हवा. विटेला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. जुन्या चुन्यात बांधलेल्या भिंतीत कोणी सिमेंटनं दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरल्या की लोणा बाहेर पडायची वाट बंद होते आणि तो विटेतूनच फुटतो. आमच्या फोर्टमधल्या इमारतींचं आणि कोकणातल्या जुन्या बंगल्यांचं हेच दुखणं आहे. गॅल्व्हेस्टनला ज्यांनी चुन्यानंच दर्जा भरल्या त्यांच्या भिंती आजही टवटवीत दिसतात.

अश्मक

चर्चा चांगली चाललीय, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. हा कापूस पिकवला कोणी? युद्धाआधी टेक्सासचा कापूस म्हणजे गुलामांच्या घामाचा कापूस. युद्धानंतरही वाट्यानं शेती करणारे कर्जात अडकलेलेच होते. या महालांचं कौतुक करताना ते लोक कुठेच दिसत नाहीत. आणि विटा रचणाऱ्यांची नावं कोनशिलेवर नसतात.

सरकीवाला

अश्मक, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझ्या लेखात ते यायला हवं होतं.

ज्या गॅल्व्हेस्टनबद्दल आपण बोलतोय तिथेच १९ जून १८६५ ला उत्तरेच्या सेनापतीनं 'हुकूम क्रमांक तीन' जाहीर केला की टेक्सासमधले सगळे गुलाम मुक्त आहेत. मुक्तीचा जाहीरनामा निघून तोवर अडीच वर्षं झाली होती, पण इथवर अंमल पोचला नव्हता. 'जुनटीन्थ' नावानं आता देशभर सुट्टी असते ती त्या दिवसाची. क्लेटन त्या युद्धात उत्तरेच्या बाजूनं होता. पण ज्यांच्यासाठी त्यानं बांधलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची संपत्ती त्या जुन्या व्यवस्थेतून आली होती, हे खरंच आहे. दोन्ही सांगायला हवं.

आणि १९०० च्या वादळात सर्वात जास्त मेले ते किनाऱ्यालगतच्या लाकडी घरांमधले. दगडी घर परवडणारे वाचले, हेही तितकंच खरं.

सागरिका_ओ

मीही इंजिनिअरच. थोडा विरोधी मुद्दा मांडते, राग मानू नका.

क्लेटनच्या इमारती मजबूत होत्या म्हणून वाचल्या, हे अर्धंच खरं. त्या रात्री किनाऱ्यावरच्या शेकडो घरांचं लाकूडसामान लाटेनं आत ढकलत आणलं आणि त्याची शहरभर एक लांबच लांब भिंत तयार झाली, काही ठिकाणी दोन मजले उंच. त्या ढिगानं मागच्या भागात लाटांचा मारा अडवला. स्ट्रँड त्या मागच्या भागात, खाडीच्या बाजूला आहे. म्हणजे तिथल्या पेढ्या वाचल्या त्यात पुढच्या घरांच्या मरणाचा वाटा आहे.

दुसरं म्हणजे क्लेटनच्याच इमारती पडल्याही. सेक्रेड हार्ट चर्च कुठे होतं? ग्रेशमच्या घराच्या अगदी समोर, मध्ये एक रस्ता. तीच वाळू, तोच वास्तुविशारद, वयही जवळपास सारखंच. चर्च कोसळलं, घर राहिलं. ओल्ड रेडचं छप्पर गेलं. स्ट्रँडवरच्या मूडी इमारतीचा वरचा मजला उडाला तो परत बांधलाच नाही. तेव्हा 'त्याला वाळू कळली होती' हे वाक्य जरा जपून.

सरकीवाला

सागरिकाताई, राग कसला. मी दोन दिवस तुमच्या प्रतिसादावर विचार करत होतो. त्या ढिगाचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या लेखातलं 'दोन्ही इमारती उभ्या राहिल्या' हे वाक्य त्याशिवाय वाचू नये.

चर्च आणि घर यांच्याबद्दल मात्र मला वाटतं की त्यातच शिकण्यासारखं सर्वात जास्त आहे. चर्च म्हणजे आत एकच प्रचंड पोकळी. लांब उंच भिंती, आडव्या भिंतींचा आधार नाही, मोठ्या खिडक्या, वर भलंमोठं छप्पर. खिडक्या फुटून वारा आत शिरला की छप्पर आतून वर उचललं जातं. छप्पर गेलं की उंच भिंत एकटी पडते. घर याच्या नेमकं उलट. खोल्याच खोल्या, दर थोड्या अंतरावर आडवी भिंत, मध्ये जिन्याचा जाड गाभा, बाहेर मनोऱ्यांचे गोल जे कोपरे बांधून धरतात. रिकामा डबा आणि आत कप्पे असलेला खोका यात जो फरक तोच. क्लेटननं ते वादळासाठी केलं नव्हतं, शोभेसाठी केलं होतं. तुमचं म्हणणं त्या अर्थी बरोबर आहे. मी 'वाळू कळली होती' ऐवजी 'बेट कळलं होतं' म्हणेन आणि वाऱ्याचं गणित त्या काळी कोणालाच पुरतं येत नव्हतं हेही जोडेन.

विटकर

डबा आणि खोका आवडलं. मुलांना शिकवताना वापरतो.

मृण्मयी_ह्यू

मी गॅल्व्हेस्टनला सहा वर्षं नोकरी केली, ओल्ड रेडच्या समोरून रोज जायचे. २००८ च्या आइक वादळात तिच्या खालच्या मजल्यात पाणी भरलं होतं. आमच्या विभागातले जुने लोक सांगायचे की साठ-सत्तरच्या दशकात ती पडायच्या बेतात होती, पाडायचंच ठरत आलं होतं. मग माजी विद्यार्थी आणि गावकरी एकत्र आले, पैसे जमवले, आणि १९८० च्या दशकात ती नीट दुरुस्त झाली. तिच्या वरच्या मजल्यावर शरीररचनाशास्त्राचं जुनं उतरत्या बाकांचं दालन आहे. पहिल्यांदा आत गेले तेव्हा पायऱ्यांवर हात फिरवून बघितला होता. लाकूड गुळगुळीत झालेलं, सव्वाशे वर्षांच्या विद्यार्थ्यांनी.

उर्सुलाइनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९०० च्या वादळात हजारभर लोकांना जिनं वाचवलं ती शाळा १९६१ च्या कार्ला वादळात थोडी मोडली. थोडीच. आणि ती दुरुस्त करण्याऐवजी पाडून टाकली. जुने फोटो बघितलेत का? टोकदार कमानींच्या दुमजली गॅलऱ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या भिंती. आमच्या इथल्या एका वयस्कर बाईंनी मला सांगितलं होतं की पाडणाऱ्यांना भिंती फोडायला खूप दिवस लागले, आणि त्या लहान असताना रोज शाळेतून येताना रडायच्या. वादळाला जे जमलं नाही ते माणसांनी केलं. मला अजूनही त्याचा राग येतो.

नीलमोहर

हे वाचून पोटात तुटलं. मग बाकीच्या वाचल्या कशा?

सरकीवाला

गरिबीमुळे, असंच म्हणावं लागेल. १९१४ ला ह्यूस्टनचा जहाजांचा कालवा खोल होऊन सुरू झाला आणि व्यापार तिकडे गेला. गॅल्व्हेस्टनला जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. स्ट्रँडच्या पेढ्या गोदामं म्हणून पडून राहिल्या. न्यूजच्या इमारतीचा सुंदर दर्शनी भाग तर १९६० च्या दशकात पत्र्यांमागे झाकून टाकला होता, तो पुढे कित्येक वर्षांनी उघडला. आत विटा तशाच्या तशा.

१९६६ मध्ये गॅल्व्हेस्टनच्या जुन्या इमारतींवर छायाचित्रांचं एक पुस्तक निघालं आणि लोकांना जाग आली. १९७० च्या सुमारास स्त्रियांच्या एका संस्थेनं ती ट्रूहार्ट-एड्रिअन्स इमारत घेऊन दुरुस्त करून दाखवली. एक इमारत देखणी झालेली दिसली की शेजारच्याला धीर येतो. १९७६ ला स्ट्रँडच्या भागाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला.

गोदाकाठ

वादळानंतर अख्खं शहर उचललं असं ऐकलंय ते खरं का? ते क्लेटनच्या इमारतींचंही झालं?

सरकीवाला

खरं आहे, आणि हा माझा अत्यंत आवडता भाग आहे.

१९०२ ते १९०४ मध्ये तीन मैलांहून जास्त लांबीची, १७ फूट उंच काँक्रीटची समुद्रभिंत बांधली. पण नुसत्या भिंतीनं भागत नव्हतं, मागची जमीन खोलगट राहिली असती. म्हणून १९०३ पासून सात-आठ वर्षं त्यांनी जमीनच उंचावली. शहरातून एक कालवा खणला. त्यातून वाळू उपसणारी जहाजं आत आणली आणि नळांमधून वाळूमिश्रित पाणी गल्लोगल्ली सोडलं. पाणी निघून जायचं, वाळू बसायची. त्याआधी घरं जॅकवर उचलायची. दोन हजारांहून जास्त इमारती अशा उचलल्या. नळ, गटारं, ट्रामचे रूळ, सगळं वर. लोक त्या वर्षांत लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून चालायचे. झाडं मात्र मेली, कारण खाऱ्या वाळूत मुळं गुदमरली.

सेंट पॅट्रिक हे क्लेटनच्या कामांपैकीच एक चर्च. त्याचा उंच मनोरा १९०० ला पडला होता. उरलेलं तीन हजार टनांचं चर्च सातशे जॅक लावून पाच फूट वर घेतलं. हे जॅक हातानं फिरवायचे स्क्रूचे. माणसं रांगेत उभी, एका इशाऱ्यावर सगळ्यांनी थोडंसं फिरवायचं. एक जण पुढे गेला की भिंतीला तडा. मी माझ्या कामात हायड्रॉलिक जॅक वापरतो, दाबाचे आकडे समोर दिसत असतात, तरी छातीत धडधडतं. त्या माणसांना काय वाटत असेल!

ज्या मोठ्या दगडी इमारती उचलणं शक्य नव्हतं त्यांच्याभोवती भर घातली. म्हणून काही ठिकाणी जोतं आज पूर्वीपेक्षा बुटकं दिसतं. क्लेटननं काढलेलं प्रमाण त्यामुळे थोडं बिघडलंय. जुना फोटो शेजारी धरून बघितलं की कळतं.

सागरिका_ओ

१९१५ ला पुन्हा तसंच मोठं वादळ आलं आणि समुद्रभिंत टिकली. शहरात मृत्यू अगदी मोजके झाले. गणित जमलं होतं.

सरकीवाला

हो. आणि त्याच १९१५ च्या वादळात नव्या सेक्रेड हार्टचा घुमट गेला. जुनं चर्च पडल्यावर तिथे १९०३-०४ मध्ये पांढरं नवं चर्च उभं राहिलं, ते दुसऱ्याच्या नकाशावर. क्लेटन तेव्हा दिवाळखोर होता. पण १९१५ नंतर घुमट पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा काम क्लेटनकडे आलं. वय ७५. ज्या जागी त्याचं स्वतःचं चर्च जमीनदोस्त झालं, त्याच जागी दुसऱ्याच्या चर्चवर त्यानं घुमट बसवला. मागच्या घुमटापेक्षा साधा, आटोपशीर. वर्षभरात तो गेला.

मृण्मयी_ह्यू

हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं त्या घुमटाखालून गेले.

गोदाकाठ

डिसेंबरात मुलीकडे ह्यूस्टनला येतोय. एक दिवस मिळाला तर काय बघू? गुडघे दुखतात, फार चालणं होणार नाही.

सरकीवाला

काका, नक्की या. सकाळी लवकर स्ट्रँडवर. ट्रूहार्ट-एड्रिअन्स २२व्या रस्त्यावर आहे. समोरच्या बाजूला उभं राहून बघा, उन्हाची तिरीप असताना. तिथून दोन चौकांवर हचिंग्ज-सीली, ग्रॅनाइट आणि वालुकाश्माची. ती १८९०च्या दशकातली, म्हणजे न्यायालयाच्या वादाच्या अगदी आधीची. मग गाडीनं ओल्ड रेड, बाहेरून. दुपारी बिशप्स पॅलेस. आत तिकीट आहे, जिने बरेच आहेत, पण खालचा मजला आरामात होईल. बाहेर आलात की झाडाखालीच थांबा. डावीकडे बघितलं तर ग्रेशमचे मनोरे, उजवीकडे रस्त्यापलीकडे तो पांढरा घुमट. मध्ये तेवीसेक वर्षांचं अंतर आहे.

बाबा आता प्रवास करत नाहीत. हा धागा त्यांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी फक्त जॅकचा भाग दोनदा वाचायला लावला आणि विचारलं की जॅक फिरवणाऱ्या माणसांना इशारा कसा देत होते, शिट्टीनं की ढोलानं. कोणाला ठाऊक असेल तर लिहा, त्यांना कळवायचंय.

विटकर

शोधतो. जुन्या उचलकामाचे फोटो आमच्या ग्रंथालयात आहेत, सोमवारी बघून इथेच लिहितो.